बिजलीचा डावा

भवानी पेठेत माणसाला मरूनसुद्धा सुटका नाही. शिवपुत्र जाऊन पाच वर्षं होत आली, तरी निंगव्वाच्या खोलीखालच्या हॉटेलात सकाळच्या पहिल्या चहाबरोबर त्याला रोज उभा करायचे, आणि कप खाली होईपर्यंत एक तर डोक्यावर घ्यायचे, नाही तर आडवा पाडायचे. निंगव्वा वर बसून चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे चादरीच्या मागाला लागणारं आडवं सूत लहान लहान कांड्यांवर गुंडाळायची. हात कामात, कान खाली. बोलणं रंगात आलं की ती चरखा हळू करायची. ऐकायचं नाही असं ती रोज ठरवायची आणि रोज ऐकायची, आता काय करणार!

तसा गडी होताच बोलण्यासारखा. सोलापूरनं पैलवान ढिगानं बघितले होते, पण बॉक्सर हे प्रकरण नवं होतं. गिरणीच्या कामगार क्लबात पलटणीतून परत आलेल्या कुणी तरी हातमोजे आणले, दोर बांधून रिंगण केलं, आणि मागावरचा हा पोरगेला कामगार त्यात उतरला तो उतरलाच. लाल रेशमी चड्डी, तिला जरीचा काठ, केसांना चमेलीचं तेल. रिंगणात यायचा तोही सरळ नाही, दोरावरून उडी मारून. चारी बाजूंना नमस्कार, मग एक गिरकी, आणि लोक बोंबलायचे, "बिजली आली रे!" उजवा हात असा चालायचा की समोरचा कधी पडला ते त्यालाही उठल्यावर विचारावं लागे. चौसष्ट ते सहासष्ट, दोन वर्षांत सतरा जण त्यानं असे झोपवले. सहासष्टच्या फेब्रुवारीत पार्कच्या मैदानावर बार्शीच्या भीमाला पाडून राज्यातल्या गिरणी कामगारांची फायनल मारली. मुंबईहून मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं.

आणि हा गेला नाही. हातमोजे क्लबात नेऊन दिले, "आता बास," म्हणाला, आणि एकाहत्तरला कावीळ होऊन जाईपर्यंत खाली मान घालून माग चालवत राहिला. का सोडलं ते कुणालाच कळलं नाही. मग लोकांनी आपापली कारणं काढली, लोकांना काय, तोंड फुकटचं.

एरवी निंगव्वानं हे सगळं गिळलं असतं. पण त्या आठवड्यात क्लबाचा नवा हॉल बांधून झाला होता, आणि भिंतीवर कुणाकुणाचे फोटो लावायचे ते ठरवायला रविवारी बैठक होती. म्हणजे हॉटेलातला वाद आता कमिटीत जाणार होता. गुरुवारी सकाळी खाली बिरप्पाचा आवाज चढला. बिरप्पा गिरणीतला जुना जॉबर, मागांवर देखरेख करणारा. शंभर मागांत एका मागाचा धागा तुटला तर लांबून सांगायचा, अशी त्याची नजर.

"अरे कसला ग्रेट घेऊन बसलात!" तो म्हणत होता. "चड्डी ग्रेट होती. गिरकी ग्रेट होती. डावा हात होता का त्याला? नुसता शोभेला! एका हातावर किती दिवस चालणार? मुंबईला गेला असता तर पहिल्या राउंडात हातपाय पसरले असते, म्हणून तर गेला नाही."

"अन् फायनल?" कुणी तरी विचारलं.

"फायनलचं तर बोलूच नको. मी पहिल्या रांगेत होतो. त्याचा उजवा भीमाच्या खांद्याला घासून गेला. नुसता घासून! आणि भीमा त्याच्या आधीच खाली चालला होता. आधीच! माझे डोळे फुटले नव्हते. ठरवून पडला तो. मॅच ठरलेली होती, आणि ते मनाला लागलं म्हणून ह्यानं मोजे सोडले. लावा फोटो!"

चरखा थांबला. निंगव्वाच्या बोटांतलं सूत तुटलं, तेही तिला कळलं नाही.

दुपारी रुद्रप्पा जिना चढून आला. शिवपुत्राचा जिवाभावाचा दोस्त, लढतीच्या वेळी कोपऱ्यात उभा राहून तोंडावर पाणी मारणारा, आणि आता क्लबाचा सेक्रेटरी. चहा घेतला नाही, टोपी हातात फिरवत बसला.

"वैनी, बिरप्पानं कमिटीतले तिघं फिरवलेत. मी भांडतो की, मी कुठं सोडतोय? पण ते एकच विचारतात, एवढा खरा होता तर सोडलं कशाला? तुमाला तर म्हायत असंल. एक कारण द्या, मी फोटो लावून दाखवतो."

"मला न्हाई म्हायत, रुद्रण्णा."

"बायकोला म्हायत न्हाई?"

तो चिडून बोलला नव्हता, पण तिला ते टोचलं. तिला अर्धं माहीत होतं, आणि ते अर्धं सांगण्यासारखं नव्हतं.

ते अर्धं असं. शिवपुत्र पहिल्यांदा रिंगणात उतरला तेव्हा पंचानं सांगितलं, गळ्यात काही चालणार नाही, काढ. गळ्यात इष्टलिंग होतं. लिंगायत माणूस ते जन्मापासून अंगावेगळं करत नाही, मेल्यावर मातीतही ते सोबतच जातं. शिवपुत्रानं मोजे काढले, न लढता दोराबाहेर आला आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. लोक हसले. नव्यानं लग्न झालेल्या निंगव्वाला काही ते बघवेना. दंडाला बांधलं तर दिसणार, कंबरेखाली न्यायचं नाही. विचार करून करून तीच म्हणाली होती, "पूजेला आपण कुटं घेतो? डाव्या तळहातावर. मग तितंच राहू द्या की!" बोराएवढं लिंग, त्याला मलमलीचं वस्त्र, आणि हाताला गुंडाळायच्या पट्टीत तळव्याच्या जागी तिनं स्वतः शिवलेला छोटा खिसा. वरून हातमोजा. कोण बघतंय? डाव्या हाताची पट्टी तो घरूनच बांधून निघायचा. रुद्रप्पाकडून फक्त उजवा बांधून घ्यायचा, आणि रुद्रप्पाला वाटायचं ही बिजलीची एक लहर.

"पण मग ह्या हातानं मारायचं न्हाई," शिवपुत्र म्हणाला होता.

"नका मारू. उजवा हाय की!" ती म्हणाली होती, आणि दोघं खूप हसले होते.

आता मोज्यात काही घालून लढणं नियमात बसत नाही एवढं तिलाही कळत होतं. दगड तो दगड, पंच काही देव बघणार नव्हता. तोंडातून शब्द निघाला की सतराच्या सतरा लढती क्लबाच्या वहीतून खोडल्या जाणार. म्हणून ती गप्प होती.

उरलेलं अर्धं मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. फायनलच्या संध्याकाळी तो हारांनी भरून घरी आला. उजवं मनगट टरटरून सुजलेलं. डावी पट्टी त्यानं तिच्याकडं पाठ करून सोडली. तळहात काळानिळा झालेला तिनं ओझरता बघितला. तीन दिवस अन्नाला शिवला नाही. चौथ्या दिवशी पहाटे मठात स्वामींकडं जाऊन आला, मग क्लबात मोजे देऊन आला. तिनं विचारलं तेव्हा तिच्याकडं बघून म्हणाला, "आता घरी राहीन म्हणतो."

एवढंच. पण त्या एका वाक्यावर निंगव्वानं दहा वर्षं काढली होती. लोक म्हणायचे, बायकोनं बांधून ठेवला. ती वरवर चिडायची आणि आतून सुखावायची. माझ्यासाठी सोडलं त्यांनी. टाळ्या, हार, मुंबई, सगळं एका बाजूला आणि मी एका बाजूला! रात्री एकटीला हे पुरायचं. आणि आता बिरप्पानं त्यात बोट घातलं होतं. तीन दिवस उपाशी राहिला तो कशापायी? खोटं जिंकल्याच्या लाजेपायी? मग चमेलीच्या तेलाचा वास, जिन्यातली त्याची उडी, तिला डोळा मारून निघणं, जे जे ती जपून बसली होती ते सगळं एका खोट्या माणसाचं होतं की काय? ती त्याला कधी लढताना बघायला गेली नव्हती, त्या वेळी बायका जात नव्हत्या. खरं काय ते सांगणारा जगात एकच माणूस उरला होता, ज्यानं मार खाल्ला तो.

शुक्रवारी तिनं मोडनिंबची एस.टी. धरली.

भीमा बार्शीच्या गिरणीत कामाला होता, पण ते सोडून गावी आलाय एवढं तिनं ऐकलं होतं. फाट्यावर विचारलं तर एका म्हातारीनं हात करून दाखवलं, "त्यो काय, पिटाच्या गिरणीत." एका गिरणीतून सुटला आणि दुसरी गिरणी घालून बसला, नशीब म्हणतात ते हेच. पत्र्याच्या खोलीत पट्टा फडफडत होता, आणि पिठानं पांढरा झालेला एक आडवातिडवा माणूस ज्वारी ओतत होता. भुवयांवर, मिशीवर, सगळीकडं पीठ.

"दळण ठिवा आन् जावा," तो वर न बघता ओरडला. "सांजच्याला मिळंल."

"दळण न्हाई आणलं. मी सोलापूरची. बिजलीच्या घरची."

नवऱ्याचं नाव ती घेत नसे. पण घ्यावं लागलंच नाही. भीमानं पट्टा उतरवला. घरघर थांबली आणि खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. रांगेत डबा घेऊन बसलेल्या एका बाईनं कुरकुर केली, तर तो म्हणाला, "मावशे, घरला जा, आज गिरण बंद." ती बडबडत गेली.

"ते गेल्याचं कळलं हुतं," तो म्हणाला. "यायला पायजे हुतं मी. न्हाय आलो."

निंगव्वाला आडून आडून बोलणं कधी जमलंच नाही. पोत्यावर टेकली आणि सरळ विचारलं. "तुमी फायनलला आपणहून पडला का? ठरवून? खोटं सांगू नका. मी कुणाला सांगाया आली न्हाई, माझ्या जिवाला कळू दे म्हणून आली."

 भीमानं खांद्यावरचा पंचा बादलीत बुडवून तोंड पुसलं. पीठ गेलं, चेहरा दिसला. उजव्या कानाखाली जबड्यात खड्डा पडला होता आणि हनुवटी डावीकडं सरकली होती.

"हे आपणहून पडून हुतं व्हय, वैनी?"

ती बघत राहिली. बॉक्सिंगमधलं तिला फार कळत नव्हतं, पण दोन वर्षं छातीशी उशी धरून ती त्याच्या सरावाला समोर उभी राहिली होती. त्याचा उजवा तिच्या कुठल्या बाजूला यायचा हे तिला पाठ होतं. डावीकडं यायचा. नेहमी डावीकडं.

"ही तर उजवी बाजू," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"व्हय की. डावा बसला हितं." भीमा समोर उकिडवा बसला. "दुसऱ्या राउंडात त्यांचा उजवा माझ्या कोपरावर आपटला आन् मनगटातनं गेला. मला कळलं. मी म्हनलं, आता हा माझा. तिसऱ्याला कोपऱ्यात कोंडला आन् लई हाणला, खोटं न्हाय सांगत. तोंडावर, पोटात, कुटंबी. त्यांचा डावा तीनदा वर आला, वैनी. माझी ही बाजू उघडी हुती, आंधळ्यानंबी मारलं असतं. तीनदा आला आन् चार बोटांवर थांबला. मला वाटलं, माझी चेष्टा लावलीय. मग मी आणखी चिडलो. डोक्यात हाणला, गुडघं वाकलं त्यांचं. आन् मग हात सुटला. एवढ्याशा जागेतनं आला, कुणाच्या नजरंत आला न्हाय. मागनं उजवा आला, त्यात दम न्हवता, खांद्याला घासून गेला. पर लोकास्नी त्यांचा उजवाच बघायची सवय. कर्ण्यावरनं ओरडले, बिजलीचा उजवा!" तो हसला, तेही वाकडंच. "उजवा कायबी न्हवता. मी पंधरा-वीस जणांचा मार खाल्लाय. तसला डावा जल्मात बघितला न्हाय. दोनी हातांनी खेळले असते तर ह्या देशात कोण उभं राह्यलं नसतं त्यांच्यासमोर. हे मी सांगतो, ज्याला बसला त्यो."

निंगव्वानं पदर तोंडाशी धरला. इतकी वर्षं तिला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि आता ऐकल्यावर रडू आवरेना. पण नुसतं सुखाचं रडू नव्हतं ते.

"शुद्धीवर आलो तर हे कोपऱ्यात उभे," भीमा पुढं सांगत होता. "डावा मोजा कपाळाला लावलेला, डोळ्यांत पाणी. लोक म्हणाले, बघा नाटक. मला वाटलं, माझा जबडा मोडला म्हणून रडतोय गडी. म्हणून मी राग सोडला. आमचा वस्ताद म्हणत हुता, मोज्यात टणक कायतरी हुतं, तक्रार कर. मी न्हाय केली."

आता तिला गप्प बसवेना. ज्यानं तक्रार केली नाही त्याच्यापासून काय लपवायचं? तिनं सगळं सांगितलं. लिंग, पट्टी, तिनं शिवलेला खिसा, 'ह्या हातानं मारायचं न्हाई'.

भीमानं जमिनीवरच्या पिठातून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मला महादेवानं पाडला म्हणा की." आणि हात जोडावेत की हसावं हे न कळून त्यानं मिशी पुसली.

निंगव्वाला मात्र सगळं कळून चुकलं होतं. हातात देव असताना हात सुटला होता त्याचा. म्हणून तीन दिवस उपास, म्हणून मठ, म्हणून 'आता बास'. घरी राहीन म्हणतो, ते तिच्यासाठी नव्हतंच. दहा वर्षं जे उशाशी घेऊन ती झोपली ते तिचं नव्हतं. आणि वर खिसा कुणी शिवला होता? तिनंच की! त्याचा डावा तिनंच बांधला आणि त्याचा खेळही तिच्याच सुईनं संपवला, आणि तो शेवटपर्यंत एका शब्दानं बोलला नाही, तिला कळलं तर ती जळत राहील म्हणून. अय्यो शिवा, एकदा तरी सांगायचं होतं. त्यानंतर पाच वर्षं एका ताटात जेवलो, एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतं!

ती रडायची थांबल्यावर भीमानं तिला तांब्याभर पाणी दिलं. फोटोचं कळल्यावर तर तो उठूनच उभा राहिला.

"रविवारी ना? मी येतो. देवाचं नाव न्हाय काढत. एवढंच सांगतो, मॅच खरी हुती, मी मार खाऊन पडलो."

"कुटं लागलं म्हणून इचारतील."

"जबडा दाखवतो की."

"तेच तर," निंगव्वा म्हणाली. "बिरप्पा हाय तितं. शंभर मागांतला एक तुटका धागा दिसतो त्याला. उजवीकडचा जबडा बघंल, आन् म्हणंल, हा तर डावा. मग तो डावा आधी कुटं होता? ह्यांची डावी पट्टी घरून का बांधून यायची? रुद्रण्णा भोळा हाय, पण येडा न्हाई. दोन मिनिटांत सगळं उघडं पडंल. वहीतनं नाव खोडलं तर खोडू दे, त्याचं मला कायबी न्हाई. पण जे त्यांनी मला सांगितलं न्हाई, ते मी गावाला सांगू?"

"मग फोटो?"

"नसू दे."

"लोक काय बी बोलत ऱ्हातील, वैनी. उजवाच हुता, दिखाऊच हुता, खोटाच हुता."

"बोलू द्या," ती म्हणाली. "तुमाला म्हायत हाय. मला म्हायत हाय. बास की दोघं."

भीमानं मान हलवली. बाहेर सोलापूरची गाडी यायची वेळ झाली होती. ती उठली, पदर खांद्यावर घेतला, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. परक्या पुरुषासमोर असं कधी बोलली नव्हती ती, पण आज लाजायला तिच्याकडं काही उरलंच नव्हतं. त्याचं सगळं मातीत गेलं होतं, लिंगासकट. त्याच्या डाव्या हाताची ह्या जगात एवढी एकच खूण राहिली होती.

"हात लावू का?" तिनं विचारलं.

भीमानं एकदा दाराकडं बघितलं. मग पोत्यावर बसला आणि चेहरा तिच्यापुढं केला. निंगव्वानं डावा तळहात त्याच्या कानाखाली ठेवला. हाड आत गेलं होतं तिथं तिची बोटं अलगद बसली. त्वचा ऊन होती, पिठानं खरखरीत.

"दुखतं का अजून?"

"थंडीत दुखतं."

"लई?"

"लई."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तरी तिनं हात काढला नाही.